प्लस-मायनस

मीटरकाकांना "पाच मिनिटांत येतो" असं कधी सांगू नये. सांगितलंच, तर पलीकडून लगेच प्रश्न येतो, "प्लस-मायनस किती?"

मी भुकूमला राहायला आलो, त्याच आठवड्यात हा प्रश्न मला पहिल्यांदा आला. काकांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नाही. दूधवाल्यापासून ग्रामपंचायतीच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना मीटरकाका म्हणतात. भोसरीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. निवृत्त झाल्यावर कोथरूडचा फ्लॅट मुलाच्या हवाली केला आणि इकडे, मुळशीच्या वाटेवर, छोटा बंगला बांधला. नोकरी सुटली, इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. शर्टाच्या खिशात अजून व्हर्नियर असतो. इतर लोक पेन लावतात तसा.

गॅसचा सिलिंडर आला की काटा घेऊन दारात उभे. भिंतीवरचं घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यावर लावलेलं. काकूंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा ते दर दिवाळीला तपासतात, तेही घरात कारखान्यातून आणलेलं पाचशे ग्रॅमचं वजन आहे म्हणून. डाळीच्या पुड्यावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. डॉक्टरांकडं गेले की आधी बीपीचं यंत्र शेवटचं कधी तपासलं ते विचारतात, मग हात पुढं करतात. तोवर अर्थातच बीपी वाढलेलं असतं, डॉक्टरांचंही. रिक्षात बसले की मीटर पाहत नाहीत, आधी चाक पाहतात. "हवा कमी आहे तुमच्या टायरात. चाक लहान झालं की फेरे जास्त, फेरे जास्त की भाडं जास्त." पुण्यातल्या रिक्षावाल्यानं यावर काय उत्तर दिलं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. पण काकांना त्याचा राग येत नाही. ते म्हणतात, "बोलणं अंदाजपंचे असू दे त्याचं. आकडा खरा हवा."

एकदा काकूंची पोळी त्यांनी उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "कडेला जाडी वाढलीय."

"मग रिजेक्ट करा," काकू तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. काकांनी पोळी खाल्ली.

तर अशा माणसाकडं एक गाडी आहे. १९६२ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, ताकात हळद पडावी तशा पिवळ्या रंगाची. १९७९ साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सनं ही गाडी १९६१ पासून आपल्याकडं बनवली, मूळ इंग्लंडच्या ट्रायम्फची. इंजिन ९४८ सीसीचं. आजकालच्या काही मोटारसायकली याहून मोठं इंजिन घेऊन ताम्हिणीत शिरतात. पण हेराल्डला काका 'स्पोर्ट्‌स कार' म्हणतात, आणि हसलात तर बसवून सांगतात. ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची जी उघडी, बुटकी, देखणी स्पोर्ट्‌स कार काढली, तिची चासी म्हणजे हेराल्डचीच चासी, आखूड केलेली. दोन्हींचं अंग रेखलं मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसानं. "म्हणजे सख्ख्या चुलत बहिणी. एक शहरात गेली, एक मद्रासला दिली."

बॉनेट उघडायची वेळ आली की काका घरातल्या सगळ्यांना बोलावतात. हेराल्डचं बॉनेट नुसतं झाकण नाही. मडगार्ड, दिवे यांच्यासकट गाडीचं सगळं नाक मगरीच्या जबड्यासारखं पुढं कलतं, इंजिन चहूबाजूंनी मोकळं होतं, आणि पुढच्या टायरावर बसून काम करता येतं. काका तिथं बसून पेपरही वाचतात. शिवाय पंचवीस फुटांत गाडी वळते, लंडनच्या टॅक्सीइतक्या जागेत. भूगावच्या वाहतुकीत या गुणाचा उपयोग एकच, घरी परत फिरायला.

एवढ्या गुणी गाडीत एकच खोट. मीटर. गाडी घेतली तेव्हाच मूळ मीटर जाऊन त्या जागी कुठल्या तरी दुसऱ्या विलायती गाडीचं बसवलेलं होतं, मैलांचं. चाळीस वर्षं काकांनी ते तसंच पाहिलं. नोकरीत असताना दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासायचे होते, स्वतःच्या आकड्याला सवड नव्हती. निवृत्तीनंतर एका सकाळी चष्मा पुसून डायल पाहताना तळाशी, अगदी मुंगीएवढा, एक आकडा दिसला: ११८४. त्या दिवशी काकूंनी केलेलं भरलं वांगं तसंच राहिलं.

हा आकडा मला समजावून सांगायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. पहिली संध्याकाळ नुसत्या इतिहासात गेली. १९०२ साली ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसानं चुंबकावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या त्याच युक्तीवर धावल्या. युक्ती काय, तर गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टपासून एक लांब, लवचीक केबल निघते आणि मीटरच्या आत चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही, तरी चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागं ओढली जाते. मी चेहरा कोरा ठेवला तेव्हा काकूंनी मध्ये पडून सांगितलं, "अरे, ताक घुसळताना रवी फिरते आणि डेरा पण फिरायला बघतो की नाही? तसं."

काका खूश झाले. "आणि डेरा धरून ठेवणारे हात म्हणजे हेअरस्प्रिंग. रवी जितकी जोरात, तितका डेरा हातातून सुटायला बघणार. वाटीला काटा चिकटवलेला. झालं मीटर!"

दुसऱ्या संध्याकाळी ११८४ उलगडला. केबलनं ११८४ फेरे घेतले की गाडी एक मैल गेली असं हे मीटर समजतं. ते ज्या गाडीसाठी बनलं तिच्याबाबत ते खरं होतं. पण हेराल्डचे गिअर वेगळे, चाकं वेगळी. म्हणजे एवढी वर्षं हे मीटर कुणा तिऱ्हाइताच्या भाषेत बोलत होतं आणि काका ते ऐकत होते.

मी भाबडेपणानं म्हटलं, "काका, मोबाईलवर वेग दिसतो की. जीपीएस."

"ते उपग्रह किती उंचावर आहेत माहितीये? वीस हजार किलोमीटर. तिथून तो सांगणार, मी पिरंगुटच्या घाटात कितीनं चाललोय?"

"मग कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, गाड्या तपासणारी संस्था. त्यांच्याकडं रोलर असतात, गाडी चढवली की..."

"दहा मिनिटांचं काम," काका म्हणाले. त्यांच्या तोंडी हे वाक्य शिवीसारखं येतं.

म्हणून मग दगड. रस्त्याकडेचे मैलाचे दगड. ("किलोमीटरचे म्हण," काका.) एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत काटा हलू न देता गाडी चालवायची, सेकंद मोजायचे, आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचं. साठ सेकंद लागले तर वेग साठ. गणित चौथीतल्या पोराचं, अडचण पौड रस्त्याची. भूगाव ते पिरंगुट एक किलोमीटर एकाच वेगानं जायचं म्हणजे तो वेग ताशी सहा धरावा लागतो. तेव्हा पहाटे साडेपाचला निघून, पौड मागं टाकून, मुळशी धरणाच्या कडेनं ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर जायचं ठरलं. टाइमकीपर मी. हातात काकांचं कारखान्यातलं स्टॉपवॉच. गळ्यात दोरी, कारण ते माझ्या हातून पडण्याची शक्यता काकांनी आधीच गृहीत धरली होती.

पहाटेचं धरण मी तोवर पाहिलं नव्हतं. पाण्यावर धुकं, पलीकडं डोंगराची नुसती शाई. काकांनी गाडी कडेला घेतली आणि मला वाटलं आता देखाव्यावर दोन शब्द येणार. आले ते असे: "लोक म्हणतात या धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह शंभर वर्षांपूर्वीचा. शंभर हा आकडा नव्हे, हा आळस. १९२१. सेनापती बापट. साल सांगता येतं तर सांगावं." मग पाण्याकडं जरा वेळ बघत राहिले. या पाण्याखाली गावं आहेत, हे मात्र त्यांनी आकडा न घालता सांगितलं.

काटा चाळीस मैलांवर. पहिला दगड आला. "आता!" मी बटण दाबलं. काकांची मान ताठ, डोळा काट्यावर, ओठ मिटलेले, देवाला नैवेद्य दाखवताना असतात तसे. दुसरा दगड आला. "आता!" छप्पन्न सेकंद आणि वर थोडे.

चाळीस मैलांच्या वेगानं किलोमीटरला लागायला हवेत पंचावन्न पूर्णांक नऊ. काकांनी गाडी थांबवली, वहीत लिहिलं, आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. मीटर खरं बोलत होतं! ११८४ काही का असेना. परतीच्या वाटेवर पौडला पेढे घेतले. काकूंनी डबा उघडून विचारलं, "कुणाला काय झालं?"

आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी काका म्हणाले, "एका मापावर पास करत नाहीत." पुन्हा साडेपाच, पुन्हा धुकं, या वेळी पुढचे दोन दगड. साडेअठ्ठावन्न सेकंद. परत फिरून तेच दगड. पुन्हा साडेअठ्ठावन्न. आणि आधीच्या जोडीला अजूनही छप्पन्न.

"तुझं बोट," काका म्हणाले.

माझ्या बोटाची तपासणी झाली. मला अंगणात बसवून काकांनी वीस वेळा "आता" म्हटलं आणि दुसऱ्या घड्याळावर ताडून पाहिलं. बोट निर्दोष सुटलं. त्या दुपारचा अभिमान मला अजून पुरतो.

मग साखळी आली. तीस मीटरची, मोजणीवाले वापरतात तसली, काकांनी कुठून मिळवली देव जाणे. रस्त्याच्या कडेनं आम्ही दोघं आणि दिवसाच्या रोजावर आलेला एक गडी, दगड ते दगड मोजत निघालो. रविवार होता. पुण्याहून ताम्हिणीला निघालेल्या मोटारसायकली शेजारून किंचाळत जात होत्या. एक लालभडक, जमिनीला चिकटून चालणारी गाडी थांबली. आतल्या पोरानं कडेच्या हेराल्डकडं कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "काका, टॉप स्पीड किती हिचा?"

"कुठल्या टायरवर?" काका म्हणाले. पोरगं काच वर करून गेलं.

तेहेतिसावी साखळी भरायच्या आतच, नव्हे, बत्तिसावीनंतर दोन मीटरवर, दगड आला. नऊशे बासष्ट. अडतीस मीटर गायब. जवळच्या टपरीवर चहा पिताना उलगडा झाला. रस्ता रुंद करताना एक दगड निघाला होता, पावसाळाभर टपरीवाल्याकडं गिऱ्हाइकांना बसायला होता, आणि नंतर कुणी तरी तो "असेल इथंच कुठं तरी" म्हणून पुरला. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. अडतीस मीटरचं त्यांना एवढं वाईट वाटलं नव्हतं. जास्त लागलं ते हे, की दगड अंतर जास्त सांगत होता, मीटर वेग जास्त सांगत होतं, आणि दोघांचं खोटं एकमेकांत इतकं नेमकं बसलं की मिळून खऱ्यासारखं दिसलं. "आणि आपण पेढे वाटले," ते दोनदा म्हणाले.

आता रस्त्यावरचा विश्वास उडाला. राहिली एक जुनी विलायती रीत, काकांनी कुठल्याशा मॅन्युअलात वाचलेली. मीटरमागून केबल सोडवायची, तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावायचा, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायची. मागच्या चाकाचे बरोबर सहा फेरे होईपर्यंत बाण किती फिरतो ते मोजायचं. तो आकडा १६८० नं गुणायचा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागायचा. उत्तर म्हणजे तुमच्या गाडीला हवा असलेला आकडा.

सहा फेरे म्हणजे साधारण पस्तीस फूट. काकांच्या पोर्चची लांबी बावीस. म्हणून फाटक उघडून गाडी गल्लीत. टायरवर खडूची रेघ, रस्त्यावर खडूची रेघ. ढकलायला काका आणि वॉचमन. मी गाडीत, डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय खिडकीबाहेर, पुठ्ठ्याच्या बाणाकडं बघत. बाण काकूंनी लग्नपत्रिकेचा कापून दिला होता, लाल रंगाचा, त्यावर अर्धा गणपती. काका बाहेरून चाकाचे फेरे मोजत होते, मी आतून गणपतीचे.

"तीन!" काका.

"चार!" मी.

"तू चार का म्हणतोस?"

"माझे चार झाले!"

गल्लीत तोवर आठ-दहा माणसं जमली. कुणी तरी बॅटरी गेली असेल म्हणून मदतीला हात लावला आणि गाडी हवी त्याहून जोरात सुटली. पहिला प्रयत्न बाद. दुसऱ्या प्रयत्नात पाचव्या फेऱ्याला काकूंनी "चहा झालाय" म्हणून हाक मारली आणि वॉचमननं हात सोडले. तिसरा जमला. माझे गणपती आठ, आणि वर एक अष्टमांश. जमिनीपासून चाकाचा मध्य अकरा इंच. काकांनी बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला: १२४१.

११८४ ऐवजी १२४१. जवळपास पाच टक्के. काटा चाळीस म्हणायचा तेव्हा गाडी अडतीसनं जात होती.

"पण काका," मी म्हटलं, "नव्या गाड्यांचं मीटरही जास्तच दाखवतं." हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे, मीटरनं खऱ्या वेगाहून कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर दहा टक्के आणि वर चार किलोमीटरपर्यंत माफ.

"माफ आहे म्हणून करायचं का?" काका म्हणाले.

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागं, एका जिन्याखाली त्यांना एक म्हातारे मीटरवाले सापडले. दोघांची भेट बघण्यासारखी होती. मीटरवाल्यांनी मीटर कानाशी नेऊन हलवलं, काच उतरवली, काटा नखानं जरा पुढं नेऊन सोडला, परत कसा येतो ते पाहिलं आणि म्हणाले, "चुंबकाचा जोर थोडा उतरवावा लागेल." काकांनी विचारलं, "प्लस-मायनस किती?" म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कितीनं चालवता?"

"पंचेचाळीसच्या वर नाही."

"मग पंचेचाळीसला तंतोतंत देतो. त्याच्या वर तुमचं तुम्ही."

आठ दिवसांनी मीटर आलं. काटा तंतोतंत. पण चुंबकाचं काम चुंबकापुरतं. किलोमीटरचे, म्हणजे मैलांचे, जे आकडे सरकतात ते गरारीवर चालतात, आणि दात घासून कमी होत नाहीत. वेग खरा झाला, अंतर खोटंच राहिलं. काकांनी डायलखाली एक चिठ्ठी चिकटवली: 'अंतर × ०.९५४'. काकू आता भाजीला गेल्या तरी आल्यावर विचारलं जातं, आणि त्या गुणून सांगतात.

मला वाटलं इथं प्रकरण संपलं. पण परवा संध्याकाळी गेलो तर काका फोनवर होते. पलीकडं काकूंचे भाऊ, नाशिकचे. काकांची एक गोष्ट आहे, सगळ्या लग्नांत, मुंजींत सांगितलेली: १९८१ साली, लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला जाताना, वडगाव ते कामशेतच्या सपाट रस्त्यावर त्यांनी हेराल्ड सत्तर मैलांवर नेली होती. मेहुणा साक्षीला.

"सत्तर नव्हे," काका फोनवर मोठ्यानं सांगत होते, "सहासष्ट पूर्णांक आठ! हो, हो, आधी चुकीचं सांगितलं होतं. तू कुणाकुणाला सांगितलंयस?... तर त्यांनाही कळव."

फोन ठेवला आणि विचारात पडले. मग वही ओढली. "तेव्हा टायर वेगळे होते. रेडियल नव्हते. आणि गाडीत माणसं तीन. वजन वाढलं की टायर दबतं, अकरा इंचांचे अकरा राहत नाहीत." मेहुण्याचं वजन त्यांनी अंदाजे धरलं. ट्रंकेचं धरलं. स्वतःचं पाठ होतं. मग पेन थांबलं.

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "एक्याऐंशी साली तुझं वजन किती होतं?"

आतलं भांड्याचं वाजणं थांबलं. मी घड्याळाकडं पाहू लागलो. काकू पदराला हात पुसत दारात आल्या, काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पोर्चमधल्या त्या पिवळ्या गाडीकडं.

"अठ्ठेचाळीस," म्हणाल्या.

काकांनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वहीत ४८ लिहिलं आणि पुढं प्लस-मायनस काही न घालता वही मिटली.